उभ्या बायका

मला आयुष्यात एकच सत्कार मिळाला आणि तो न बसल्याबद्दल मिळाला.

शिक्षकदिनाला आमचे केंद्रप्रमुख माइकवर म्हणाले, "या बाई वर्गात खुर्चीवर बसलेल्या मी आजवर पाहिल्या नाहीत. सकाळी गेलो तरी उभ्या, दुपारी चारला न सांगता गेलो तरी उभ्या. याला म्हणतात निष्ठा!" टाळ्या झाल्या. शाल आली, नारळ आला, आणि न बसण्याचं बक्षीस म्हणून मला मंचावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत दोन तास बसवून ठेवलं. पहिल्या दहा मिनिटांतच कळ सुरू झाली. मी एका मांडीवर भार देऊन पाहिला, मग दुसऱ्या. शेवटी डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या रांगेतल्या शिक्षिका एकमेकींना दाखवत होत्या, बघ, बाईंना भरून आलं.

निष्ठा कसली डोंबलाची! मी बसत नव्हते, कारण मला बसता येत नव्हतं.

मुलगी झाली तेव्हापासूनचं हे दुखणं. ती आता रत्नागिरीला होस्टेलवर राहून कॉलेज करते, म्हणजे उपाय सापडेपर्यंत अठरा वर्षं गेली. बाळंतपणात टाके पडले, ते भरले, डॉक्टरांनी "छान भरलेत" म्हणून शाबासकी दिली, जशी काही मीच ते शिवले होते. पण दुखणं गेलं नाही. खुर्चीवर बसलं की दुखायचं, शौचाला बसलं की दुखायचं. विळीवर बसून नारळ खवायचा तर अर्ध्या वाटीनंतर मी काहीतरी निमित्त काढून उठायची. एसटीत सगळी बस रिकामी असली तरी दांडा धरून उभी. कंडक्टर म्हणायचा, "बाई, सीटी रिकाम्यो आसत, बसा मगे." मी म्हणायची, जवळच उतरायचंय. जवळ म्हणजे पस्तीस किलोमीटर.

सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, असं आपण गमतीने म्हणतो. मी ते अठरा वर्षं जगले, त्यात गंमत अजिबात नाही.

नवरा मुंबईत नोकरीला. चतुर्थी, शिमगा आणि मे महिना, असा वर्षातून तीनदा घरी यायचा. चतुर्थीच्या आधी वाडीतल्या बायका घर झाडताना, नवरे येणार म्हणून एकमेकींची चेष्टा करायच्या. मीही हसायची. मनात मात्र मी गणपतीचे दिवस मोजत असायची. आमचा गणपती पाच दिवसांचा. अकरा दिवसांचा असता तर मी काय केलं असतं, कोण जाणे. नवऱ्याजवळ जाणं म्हणजे माझ्यासाठी दात घट्ट आवळून पडून राहणं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना पानं वाढताना पाय ओढत चालणं. एकदा मी त्याला सांगून पाहिलं. तो कूस बदलून म्हणाला, "मन नसलं की सगळंच दुखतं." त्यानंतर मी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही, आणि त्याला वाटत राहिलं की बायको थंड आहे. मला वाटत राहिलं की तो दगड आहे. असा आमचा संसार.

डॉक्टर पाहिले नाहीत असं नाही. एकीने सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल आलं, म्हणून दुखणंही नॉर्मल. दुसरीने सल्ला दिला की नवऱ्याजवळ मुंबईला राहा. तिसरी, जिची मुलगी माझ्याच वर्गात होती, म्हणाली, खालचे स्नायू दिवसातून शंभरदा आवळा, बळकट होतील. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, त्यातलीच गत. तिच्या मुलीचा गणिताचा पेपर तपासताना मला तिच्या आईने काय काय पाहिलंय ते आठवायचं. तरी मी इमानाने आवळत राहिले. फळ्यावर तारीख लिहिताना आवळलं, प्रार्थनेत आवळलं. दोन महिन्यांत दुखणं दुप्पट झालं.

घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्या सत्तरीच्या, काटक, सकाळी पाचला अंगणात केर काढणाऱ्या. बाळंतपणाचा विषय निघाला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माका चार झाली. पाचव्या दिवसाक कळशी घेऊन मी बावीर गेल्लंय." पाचव्या दिवशी विहिरीवर गेलेल्या बाईपुढे मग बाकीच्या बायका आपापली बाळंतपणं आवरती घ्यायच्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी जुन्या लुगड्याचा पट्टा करून माझं पोट सव्वा महिना करकचून बांधलं होतं. जेवल्यावर श्वास घेता यायचा नाही. सोडायला गेले तर हात बाजूला करायच्या, "पोट सुटला तर बायलमाणसाचा काय ऱ्हवला?" त्यांनी ते प्रेमाने केलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आणखी एक गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होती. सासूबाई देवळात बसत नसत. जत्रेला, सप्त्याला, पुराणाला त्या सभामंडपाच्या डावीकडच्या खांबाला हात टेकून उभ्या. कुणी जागा करून दिली तर म्हणायच्या, "देवासमोर बसाचा नसता." म्हातारीची भक्ती म्हणून गाव कौतुक करायचं. त्यांच्या जुन्या लुगड्यांच्या फाडलेल्या पट्ट्या मागच्या पडवीत, दुसऱ्या कपड्यांच्या आड वाळत घातलेल्या असायच्या. मी त्या वर्षानुवर्षं पाहिल्या. म्हाताऱ्या माणसाला लागतात काही फडकी, एवढाच विचार मी केला. स्वतःचं दुखणं मोठं झालं की दुसऱ्याच्या दोरीवरचे कपडे दिसत नाहीत.

दीड वर्षापूर्वी आमच्या शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं, दिवसभराचं, खुर्च्यांवर. मी नेहमीसारखी मागच्या भिंतीला टेकून उभी. दुपारी मुलींच्या आरोग्यावर बोलायला एक डॉक्टरबाई आल्या होत्या. त्या चहाच्या वेळी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हाला बसताना दुखतं का?" अठरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी कप खाली ठेवला आणि "हो" म्हटलं. त्यांनी चिठ्ठीवर एक पत्ता लिहून दिला. कुडाळला हाडांच्या एका दवाखान्यात गोव्याहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी दर शनिवारी दुपारी येते, तिला दाखवा. शनिवारी आमची सकाळची शाळा. मी गेले.

बाहेर बाकड्यावर गुडघेवाले आणि खांदेवाले बसले होते. वालावलची एक बाई, माझ्या माहेरच्या गावची, मला म्हणाली, "तुझा गुडघो काय गो?" मी म्हटलं, कंबर. थोडं वर ढकललं, एवढंच.

आतली मुलगी माझ्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. तिच्या टेबलावर प्लॅस्टिकचा कमरेचा सांगाडा होता आणि त्याच्या तळाशी लाल रबराच्या पट्ट्या ताणून बसवल्या होत्या, खाटेला नवार विणतात तशा. ती म्हणाली, "हे स्नायू. मूत्राशय, गर्भाशय, आतडं, सगळ्याला खालून आधार देतात. काहींचे सैल पडतात, मग लघवी राहत नाही, गर्भाशय खाली उतरून अंग बाहेर येतं. काहींचे उलट आखडून बसतात, मग दुखतं. तुमचे कुठले, ते तपासल्याशिवाय कळणार नाही." मग तिने तपासणी कशी असते ते आधी सांगितलं, हातमोजा, एक बोट, आणि मी "थांब" म्हटलं की ती थांबणार. तिने दोनदा विचारलं, चालेल ना? मला हसू आलं. मला आजवर कोणी एकदाही विचारलं नव्हतं.

तिने एका जागी बोट ठेवलं आणि मी किंचाळले. तीच कळ. अठरा वर्षं जी मनात आहे, नॉर्मल आहे, नखरा आहे म्हणून सांगितलं गेलं, ती एका बोटाखाली सापडली. "इथे गाठीसारखा आखडलाय स्नायू," ती म्हणाली, "तुम्ही व्यायाम कुठला करत होता?" मी सांगितलं, आवळायचा. तिने कपाळावर हात मारला. "बाई, तुमच्यात आवळायचं काही उरलेलंच नाही. तुम्हाला सोडायला शिकायचंय."

तर मी पंचेचाळिसाव्या वर्षी सोडायला शिकू लागले. गुडघ्यांखाली उशी घेऊन उताणं पडायचं, जबडा ढिला सोडायचा, श्वास पोटात घ्यायचा आणि खालचं सगळं सैल होऊ द्यायचं. ऐकायला किती सोपं! मला पोट सैल सोडताच येईना. लहानपणापासून पोट आत घे, गुडघे जवळ घे, हळू हस. मग सासूबाईंचा पट्टा. मग शाळा. आमच्या शाळेत बायकांच्या मुतारीला आधी दार नव्हतं. दार आलं तेव्हा पाणी नव्हतं. दहा ते पाच धरून ठेवायची सवय मी शिस्त म्हणून अंगी बाणवली होती. तिने या सगळ्याची चौकशी केली आणि वहीत लिहून घेतलं. पहिल्या चार शनिवारांत काहीच फरक पडला नाही. मी वैतागून म्हटलं, जोर लावून एकदाच काय ते ताणून टाक ना. ती म्हणाली, "शिंपल्यातल्या तिसऱ्या उघडता ना तुम्ही? जिवंत तिसरीला हात लावला की मिटते. सुरी घातली तर मांस फाटतं. पाण्यात ठेवून थोडा वेळ सोडली की आपली आपण तोंड उघडते." हे मला पटलं.

सातव्या शनिवारी परतताना मी तळहातांवर थोडा भार देऊन एसटीत दोन थांबे बसले. खिडकीतून दिसणारी झाडं एवढी खाली असतात, हे मी विसरून गेले होते.

याच सुमारास सासूबाईंनी विचारलं, "दर शनवारी कुडाळाक कित्याक जातंस?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या दिवशी बसून आल्याचा आनंद होता, त्या आनंदात मी खरं बोलले. "दुखता, आये. बसाक जमना नाय माका."

"खंय दुखता?"

"खाली."

"कदीपासून?"

"चेडू झाला तेवापासून."

सासूबाईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "आणि ता कुडाळचा चेडू वखाद देता?" मी म्हटलं, औषध नाही, व्यायाम शिकवते, स्नायूंचं दुखणं आहे ते. त्यांनी मान हलवली. "देवाक सांगल्याशिवाय खंयचा दुखणा जाता?" एवढं बोलून त्या तांदूळ निवडायला गेल्या. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या पंधरवड्यात गावची जत्रा आली. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. ज्याची जी अडचण असेल ती त्याने नारळ देऊन मानकऱ्याच्या कानात सांगायची, मग मानकरी ती खड्या आवाजात देवापुढे मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतो. एकट्याचं मागणं असं गावाचं होतं. कुणाच्या पोराला नोकरी, कुणाची गाय दूध देत नाही, कुणाचं लग्न जमत नाही. मी दुपारी ओटी भरून बायकांच्या मागे उभी होते. मानकऱ्याने नारळ उचलला, आमच्या घराचं नाव घेतलं आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकराच्या सुनेक अठरा वर्सा कमरेच्या खाली जी काय पीडा आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका बसाक मिळना नाय, घोवाच्या संसाराक आड येता..."

"व्हय म्हाराजा!"

"ती काय इडा-पिडा आसात ती बारा वाटेक घालव आणि तेका बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तीनशे माणसं म्हणाली. माझ्या वर्गातली पोरं म्हणाली, त्यांचे बाप म्हणाले, मासळी देणारा म्हणाला. सासूबाई खांबाशी हात जोडून, डोळे मिटून उभ्या होत्या, आणि सगळ्यांत मोठ्याने त्यांनीच म्हटलं. मी देवळाच्या मागच्या दाराने बाहेर पडले आणि चपलासुद्धा न घालता घरी आले.

पूर्वी गावातली गोष्ट निदान गावात राहायची. आता चाकरमान्यांसाठी गाऱ्हाण्याचा व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. बरी आहेस का, असं त्याने विचारलं नाही. म्हणाला, "आपल्या संसाराची धिंड काढलीस देवळात." मी म्हटलं, मी नाही, तुझ्या आईने काढली. तो म्हणाला, "तू तिला सांगितलंसच कशाला?" आणि हे बाकी खरं होतं. चूक माझीच. दुखलं ती चूक नाही, सांगितलं ती चूक.

पुढे दोन-तीन महिने मला रस्त्याने चालवेना. बाजारात बायका भाव करता करता थांबून विचारायच्या, "बसाक मिळता मा आता?" पालकसभेत एका बापाने स्वतःची खुर्ची पुढे ढकलली, "बसा बाई, तुमका तरास आसा." त्यात कुत्सितपणा होता की काळजी, ते मी ओळखू शकले नाही, आणि काळजी असती तरी मला नको होती. सासूबाईंशी मी कामापुरतं बोलायचे. भात वाढलाय. गॅस संपलाय. माझं काय बिनसलंय ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी आपल्याजवळची सगळ्यांत मोठी वस्तू मला दिली होती, गावाचा दुजोरा. त्या शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "देवाक घातलंय मी तेचा. आता होतला बरा."

कुडाळला मी जात राहिले, हट्टाने. गाठी सुटत होत्या. शौचाला जाताना भीती वाटेनाशी झाली. चतुर्थीला नवरा आला, त्याने मला हात लावला नाही आणि मीही सुटकेचा श्वास टाकला. असल्या गोष्टींना थेरपी नसते.

चतुर्थीनंतरच्या एका रविवारी दुपारी मी माजघरात चटई टाकून व्यायाम करत होते. दाराशी सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. हातात सूप होतं, सुपात काही नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. त्या गेल्या नाहीत.

"गो, ता तुझा चेडू जा शिकयता... ता अंग भायर येता तेकाय चालता काय?"

मी डोळे उघडले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चटईच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. एका क्षणात मला सगळं कळलं. पाचव्या दिवशी उचललेली कळशी, मागच्या पडवीतल्या पट्ट्या, डावीकडचा खांब, देवासमोर बसायचं नसतं. चार बाळंतपणांनंतर, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं, ही बाई खाली उतरणारं अंग फडक्याने बांधून केर काढत होती, पाणी ओढत होती. त्या सांगाड्यावरच्या लाल पट्ट्या माझ्या डोळ्यांपुढे होत्या. व्यायामाने पुष्कळदा आवरतं, नाहीतर आधाराची रिंग बसवतात, नाहीतर ऑपरेशन असतं, हे सगळं मला ठाऊक होतं. मला फक्त "व्हय" म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "माका कित्याक विचारतंस? देवाक सांग मगे. नारळ ठेव."

त्यांनी सूप एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "व्हय," म्हणाल्या, आणि गेल्या.

मला तेव्हा बरं वाटलं, हे लिहायलाच हवं. पोटातून बरं वाटलं. उरलेला व्यायाम मी मोजून पूर्ण केला आणि त्या दिवशी श्वास नेहमीपेक्षा खोल गेला.

बरं वाटणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी पडवीत त्या पट्ट्या वाळत नव्हत्या. त्यांनी त्या दुसरीकडे, माझ्या नजरेला पडणार नाहीत अशा कुठेतरी वाळत घालायला सुरुवात केली होती. पुढच्या शनिवारी मी त्या मुलीला सगळं सांगितलं, माझं वाक्य सोडून. ती म्हणाली, "घेऊन या ना त्यांना. या वयातही पुष्कळ करता येतं." मी घरी येऊन सांगितलं, "आये, शनवारी चल माझ्यावांगडा. गाडी सांगतंय मी."

"माका काय झालाहा?" त्या म्हणाल्या.

"तू त्या दिवशी विचारलंस ता."

"मी? मी खंय काय विचारलंय? शेजारणीचा विचारी होतंय." आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

मी पुन्हा म्हटलं, त्यानंतर पुन्हा म्हटलं, एकदा हात धरून म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतला. रागाने नाही, परक्या बाईचा सोडवून घेतात तसा. आयुष्यात एकदा त्यांनी ते तोंडाबाहेर काढलं होतं आणि त्याचं काय होतं ते पाहिलं होतं. माझ्या अठरा वर्षांत ज्यांनी ज्यांनी माझ्यासमोर दार लावलं, त्यांच्यात मी स्वतःला घालते. इतरांना निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

गेल्या महिन्यात पुन्हा जत्रा झाली. जायचं नाही असं ठरवूनही मी गेले. सभामंडपात बायकांच्या पुढच्या रांगेत मी मांडी घालून बसले. फरशी थंड होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. थोडं अवघडल्यासारखं झालं, मी श्वास खाली सोडला, ते ढिलं पडलं. एवढ्या वर्षांनी मी माणसांत माणसासारखी बसले होते आणि बाजूच्या बायका एकमेकींना डोळ्यांनी खुणावत होत्या. या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

सासूबाई डावीकडच्या खांबाला हात टेकून उभ्या होत्या. एकीने सरकून जागा केली, "म्हातारे, बस गो जरा, पाय दुखतले." त्या म्हणाल्या, "देवासमोर बसाचा नसता." ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, भक्ती ती ही. मी तिच्याकडे बघून मान हलवली.

मग त्यांनी मानकऱ्याला नारळ दिला आणि त्याच्या कानाशी वाकल्या. मी पदर मुठीत धरला. सांग, मनात म्हणत होते, सांग गो आये, मोठ्याने सांग, व्हिडिओवर जाऊ दे, सगळ्या मुंबईला कळू दे. मानकऱ्याने आमच्या घराचं नाव घेतलं.

"बा देवा म्हाराजा! गेल्या वर्सा तुका गाऱ्हाणा घातलला, ता तू मान्य केलंस. हेच्या सुनेची पीडा गेली, ता आज तुझ्यासमोर बसलाहा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेचो हो नारळ मान्य करून घे. आणि हेका सोताक आणखी काय एक मागाचा नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला. मीही म्हटलं. बसून म्हटलं.